चढलेला स्लो

जुनी मोटरसायकल सिग्नलला उभी आहे, मूठ पूर्ण सोडलेली आहे, तरी इंजिन शांत व्हायचं नाव घेत नाही. आता पळेल की मग पळेल अशा बेतात गुरगुरत राहतं. ती गॅरेजात गेली की पहिला हुकूम ठरलेला असतो : ‘स्लो कमी कर रे.’ हाताखालचा पोरगा कार्बोरेटरच्या बाजूचा स्क्रू अर्धा आटा मागे घेतो, इंजिन निवतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि आठवड्याभरात परत येतं. कारण आता गाडी सकाळी गार असताना दर चौकात बंद पडते आणि दुपारी तापली की पुन्हा रेस धरते. मग स्क्रू पुन्हा पुढे, पुन्हा मागे. हा खेळ गावोगावच्या गॅरेजांत इतका सर्रास चालत आला आहे की त्यात विचार करण्याजोगं काही असेल असं कुणाला वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की चढलेला स्लो हा बहुतेक वेळा त्या स्क्रूचा दोष नसतोच. त्या गाडीने भोगलेली सुट्या भागांची टंचाई, मालकाचा मायलेजचा हव्यास, सरकारचे धुराचे नियम आणि या सगळ्यांवर वेळोवेळी केलेल्या मलमपट्ट्या, यांची ती बेरीज असते. आणि तरीही पहिला हात स्क्रूकडेच का जातो, याचं उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा आपल्या गॅरेजच्या धंद्याच्या इतिहासात सापडतं.

स्लो, म्हणजे मूठ सोडल्यावर उभ्या गाडीचं इंजिन ज्या गतीवर चालू राहतं ती, ही चीज मोटरसायकलबरोबर जन्माला आलेली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या बहुतेक मोटरसायकलींना क्लचच नव्हता. इंजिनाची पुली आणि मागचं चाक यांना जोडणारा एक पट्टा, बस्स. गाडी थांबली की इंजिन थांबायचं. निघायचं तर ढकलत पळायचं आणि वर उडी मारायची. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायची सोयच नसेल, तर ते किती फेऱ्यांवर चालावं हा प्रश्न पडणार कुणाला? क्लच आणि गिअर आले, शहरातली रहदारी वाढली, तेव्हा तो पडला. तरीही बराच काळ त्याचं उत्तर चालकाच्या बोटांत होतं. हँडलवर हवेची एक लिव्हर, थ्रॉटलची दुसरी आणि ठिणगी लवकर पाडायची की उशिरा यासाठी तिसरी. ठिणगी मागे ओढली की इंजिन सावकाश धडधडायचं. 1927 मध्ये बर्मिंगहॅमला अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स हे तीन कार्बोरेटरवाले एकत्र येऊन अमल ही कंपनी झाली आणि पुढची चाळीसेक वर्षं ब्रिटिश मोटरसायकल म्हटलं की अमलचा कार्बोरेटर हे समीकरण राहिलं. त्यात स्लोसाठी दोन स्क्रू असत. एक स्लाइडला, म्हणजे मुठीसरशी वरखाली होऊन हवेची वाट उघडणाऱ्या-झाकणाऱ्या तुकड्याला, पूर्ण खाली बसू न देणारा, दुसरा पायलट जेटच्या, म्हणजे स्लोपुरतं पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या, वाटेवरची हवा कमीजास्त करणारा. जपानच्या मिकुनीने 1960 च्या सुमारास अमलकडूनच परवाना घेऊन कार्बोरेटर बनवायला सुरुवात केली. पुढे मिकुनीच्या सहकार्याने चेन्नईच्या युकालने बनवलेले ‘मिककार्ब’ आपल्याकडच्या बुलेटवर बसले. बर्मिंगहॅमच्या शेजारच्या रेडिचमध्ये जन्मलेली बुलेट आणि बर्मिंगहॅमचा कार्बोरेटर यांची अशी जपानमार्गे चेन्नईत पुन्हा गाठ पडली.

स्क्रू निर्दोष का, हे कळायला इंजिन श्वास कसा घेतं ते पाहावं लागतं. मूठ सोडलेली असते तेव्हा स्लाइड जवळजवळ बंद असते आणि पिस्टन मात्र खाली जाताना हवा ओढतच असतो. त्यामुळे कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेवढ्याशा जागेत जबर ओढ तयार होते. इंजिन किती फेऱ्यांवर चालेल हे या अवस्थेत मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं : आत हवा किती गेली. स्लाइडखालून जाईल तेवढीच जावी अशी रचना असते. पण कार्बोरेटरमागच्या रबरी जोडाला चीर गेली, ओ-रिंग चपटी झाली, पॅकिंग फाटलं, की त्या ओढीला दुसरी वाट मिळते. मिस्त्री लोक याला ‘गाडी एअर घेते’ म्हणतात आणि ते अगदी नेमकं वर्णन आहे. ही चोरवाटेची हवा मिश्रण पातळ करते. पातळ मिश्रणावर फेऱ्या चढतात, मूठ सोडल्यावर लवकर उतरत नाहीत, वरच्या वर लटकून राहतात. रबराचा जोड गाडीवर असताना वरून धडधाकट दिसतो. तो काढून दोन अंगठ्यांनी उलटा वाकवला की आतल्या बाजूला, क्लॅम्पच्या काठाशी, केसाएवढ्या रेघा उघडतात. इंजिन तापलं की धातू पसरतो, रबर मऊ पडतं, रेघा रुंदावतात. म्हणून सकाळचं वागणं वेगळं आणि दुपारचं वेगळं. अशा गाडीचा स्क्रू मागे घेणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून दाराची फट बुजवणं. दुपारची रेस थोडी उतरते, पण गार इंजिनाला लागणारी हक्काची हवाही तोडली जाते.

यावर कुणी म्हणेल, रबर सगळीकडेच फाटतं, त्यात आपला इतिहास कुठून आला? आक्षेप रास्त आहे. खुद्द अमलचंच उदाहरण घ्या. त्याची बॉडी आणि स्लाइड दोन्ही जस्ताच्या मिश्रधातूच्या. एकावर एक घासून दोन्ही झिजायच्या आणि स्लाइडच्या कडेने हवा शिरायची. कार्बोरेटर इंजिनावर बसवताना दोन्ही नट हौसेने जास्त आवळले की फ्लँज धनुष्यासारखी वाकायची आणि मधोमध फट पडायची. इंग्लंडातल्या ट्रायम्फ-बीएसएवाल्यांना चढलेल्या स्लोने काही कमी छळलेलं नाही. अमेरिकेत 1978 च्या मॉडेलपासून मोटरसायकलींना धुराचे नियम लागले, तेव्हा कारखान्यांनी मिश्रणाच्या स्क्रूवर पितळी टोपण ठोकून तो बंदच करून टाकला आणि हौशी मालकांनी ड्रिल घेऊन ती टोपणं फोडली. म्हणजे रोग जगभराचा, यात वाद नाही. फरक उपचारात आहे. तिकडे झिजलेल्या स्लाइडला नवी स्लाइड मिळायची, बॉडीला बाही घालून देणारे कारागीर जाहिरात देऊन धंदा करायचे, आणि फारच झालं तर दुसरी गाडी घेता यायची. आपल्याकडे यातलं काही सहजासहजी मिळत नव्हतं, आणि इथून आपली गोष्ट वेगळी होते.

1955 मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची रॉयल एनफील्ड यांनी मिळून एनफील्ड इंडिया काढली. 1961 मध्ये म्हैसूरला आयडियल जावाचं उत्पादन सुरू झालं. पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली राजदूत एस्कॉर्ट्सने आणली आणि आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या. मोटरसायकलींची यादी जवळजवळ इथेच संपायची. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरायचं. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणं ही मध्यमवर्गाच्या आयुष्यातली नेहमीची गोष्ट होती. जी गाडी मिळायला इतका काळ लागतो ती भंगारात काढायची नसते, आणि जिचं मॉडेल दशकानुदशकं बदलत नाही ती काढावी लागतही नाही. अस्सल सुटा भाग मात्र वेळेवर मिळेलच याची खात्री नसायची. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोरबाजारात मिळेल तो जुना, उतरवलेला किंवा ‘लोकल’ भाग घ्यायचा. नाहीच मिळाला तर कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी लेथवर बुश कातून घ्यायचा. आणि तेही परवडत नसेल तर स्क्रू होताच. स्लाइड झिजली, स्लो चढला, स्क्रू मागे. केबल ताणली, स्लो चढला, स्क्रू मागे. रबर कडक झालं, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तार आवळली, आणि उरलेलं स्क्रूवर. स्क्रू फिरवायला पैसे पडत नाहीत, नाना पेठेत खेप घालावी लागत नाही, आणि परिणाम गिऱ्हाइकाच्या कानासमोर तिथल्या तिथे दिसतो. त्या काळच्या मिस्त्रीला अडाणी ठरवणं म्हणूनच अन्यायाचं आहे. रोगाचं मूळ काढायची साधनंच हाताशी नव्हती, तेव्हा लक्षण दाबण्यात त्याने कमालीचं कसब मिळवलं. अडचण एवढीच की साधनं आल्यावरही ती सवय उरली, कारण काम शिकवणारा उस्ताद जे करायचा तेच हेल्पर पुढे करत गेला. कायद्याने 1961 पासून ॲप्रेंटिसशिपची चौकट होती. पण रस्त्याकडेच्या गॅरेजात शिकणं म्हणजे पाना हातात देत देत बघणं, आणि बघण्यात स्क्रू दिसतो, हवा दिसत नाही.

टू-स्ट्रोक गाड्यांनी हे प्रकरण धोक्याचं केलं. जावा, येझदी, राजदूत आणि पुढे 1985 मध्ये आलेली यामाहा आरएक्स 100, या गाड्यांत पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथे दाबलं जाऊन वर जातं. क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि सगळ्या गल्लीला कळतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर धूर नाही, गळती नाही, काहीच दिसत नाही. नुसती कोरडी हवा आत जाते आणि स्लो चढतो. इथे स्क्रू मागे घेऊन आवाज गप्प केला तर इंजिनाने दिलेली एकमेव सूचना पुसली जाते. मिश्रण पातळच राहतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये वंगण मिश्रणाबरोबरच आत येत असल्यामुळे पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता आणि कमी तेल असा दुहेरी मार. मग कधीतरी घाटात किंवा हायवेवर भर वेगात पिस्टन जाम होतो, मागचं चाक धरतं. ‘गाडी सीज झाली, ऑइल कमी पडलं असणार’ असं निदान होतं आणि सिलिंडर बोअरिंगला जातो. सील तसंच राहिलं तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. चढलेला स्लो ही फक्त कानाला होणारी कटकट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा प्रकार लक्षात घ्यावा.

टंचाई हा चढलेल्या स्लोचा पहिला थर; दुसरा थर मायलेजचा. 1973 च्या तेलसंकटाने पेट्रोलचे भाव अंगावर आले. 1978 मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन झाली आणि इंधन वाचवा हा सरकारी प्रचाराचा कायमचा विषय झाला. 1984 ते 1986 या दोन-तीन वर्षांत इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहा आणि कावासाकी बजाज अशा शंभर सीसीच्या जपानी सहकार्याच्या गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांतल्या हीरो होंडा सीडी 100 ची ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही जाहिरात आणि लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा यांनी देशाचं मापच बदललं. ‘किती देते?’ हा प्रश्न त्यानंतर प्रत्येक दुचाकीला विचारला जाऊ लागला; आधी कधी तो न विचारल्या गेलेल्या गाड्यांनाही. राजदूतवाला, बुलेटवाला, यामाहावाला, सगळे गॅरेजात येऊन ॲव्हरेज वाढवून मागू लागले. मिस्त्रीच्या हातात त्यासाठी होतं काय? निडलची क्लिप एक खाच वर सरकवून निडल खाली उतरवणं, जेट एक नंबर लहान घालणं आणि हवेचा स्क्रू सोडणं. तिन्हींनी मिश्रण पातळ होतं. यात एक मेख अशी की मिश्रणाचा स्क्रू सगळ्या कार्बोरेटरांत एकाच अर्थाने फिरत नाही. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर बहुधा हवा मोजतो, म्हणजे सोडला की मिश्रण पातळ. इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा पेट्रोलमिश्रित हवा मोजतो, म्हणजे सोडला की मिश्रण उलट घट्ट. एका जातीच्या गाडीवर तयार झालेला हात दुसरीवर तितक्याच आत्मविश्वासाने उलटं काम करून ठेवू शकतो. पातळ मिश्रणावर स्लो टिकत नाही, इंजिन हुंदके देतं. मग ते बंद पडू नये म्हणून स्लाइडचा स्क्रू पुढे. अशी गाडी मग सिग्नलला लटकून ओरडते, आणि त्याबद्दल पुढचा मिस्त्री तोच स्क्रू मागे घेतो.

तिसरा थर कायद्याने घातला. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 115 ने पेट्रोलवरच्या दुचाकी-तीनचाकींच्या धुरात, इंजिन स्लोवर असताना, कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा अशी मर्यादा घातली. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात मारुती व्हॅन लावून पीयूसी देणारे आले ते यातून. ऑक्टोबर 2004 पासून मार्च 2000 नंतर बनलेल्या दुचाकींसाठी ती मर्यादा 3.5 टक्क्यांवर आली आणि जोडीला हायड्रोकार्बनचीही मर्यादा लागली. उद्देशाबद्दल तक्रार नाही. शहरांची हवा खरोखर वाईट होती. पण ही तपासणी गाडी उभी असताना, केवळ स्लोवर होते, म्हणजे कार्बोरेटरच्या नेमक्या त्याच टीचभर भागाची जो सर्वांत सहज फिरवता येतो. कार्बन मोनॉक्साइड कमी दाखवायचा सोपा मार्ग मिश्रण पातळ करणं हाच आहे. झिजलेलं इंजिन, तुंबलेला फिल्टर किंवा चिरलेलं रबर यांतलं काहीही न बदलता गाडी पास होऊ शकते. किंबहुना चिरलेल्या रबरातून येणारी हवा त्या आकड्यापुरती मदतच करते. सगळी पीयूसी केंद्रं असं करायची असं मी म्हणत नाही. परीक्षेची रचनाच अशी होती की मूळ दुरुस्तीपेक्षा स्क्रूला बक्षीस मिळावं. टंचाईने लावलेली सवय आणि मायलेजने पोसलेली सवय यांना आता सरकारी कागदाचा आधार मिळाला.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो माझ्या मांडणीला सर्वांत जड जाणारा आहे. चढलेला स्लो हा दरवेळी दोष नव्हताच, पुष्कळदा ती मालकाचीच मागणी होती. त्या काळच्या अनेक लहान मोटरसायकलींचा हेडलाइट बॅटरीवर नव्हे तर थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालायचा. इंजिनाच्या फेऱ्या उतरल्या की दिवा पणतीएवढा व्हायचा. रस्त्यावर दिवे नसलेल्या खेड्यातून रात्री दूध घालायला किंवा शेतावर पाणी द्यायला जाणाऱ्याला कारखान्याने ठरवलेल्या चौदाशे फेऱ्यांपेक्षा चारदोनशे फेऱ्या जास्त हव्या असतील तर त्यात चूक काय? थंडीत दर वळणावर किक मारायला नको, बैलगाडीमागे गाडी बंद पडायला नको, हीही कारणं खरी आहेत. उलट बुलेटवाल्यांची मागणी नेमकी विरुद्ध. ठोके मोजता यावेत इतका स्लो खाली हवा, मग भले तेल वरपर्यंत पोचायला वेळ लागो. हे सगळं मान्य केलं तरी मूळ मुद्दा ढळत नाही, उलट घट्ट होतो. मागणीनुसार चढवलेला स्लो स्थिर असतो. गार असो की गरम, त्याच जागी राहतो आणि मूठ सोडली की फेऱ्या झटकन खाली येतात. आजारी स्लो भटकतो. पण ज्या धंद्यात दोन्ही प्रकार एकाच स्क्रूने हाताळले गेले तिथे हा फरक हळूहळू कानातून गेला, आणि चढलेला स्लो म्हणजे फार तर गैरसोय, अशी समजूत रुजली.

इंधनाचा थर सर्वांत अलीकडचा म्हणून सगळा दोष त्याच्यावर टाकायची आज फॅशन आहे. पेट्रोलमधली भेसळ ही काही निव्वळ वदंता नव्हती. जानेवारी 2011 मध्ये मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जाळून मारलं, इतकी ती संघटित होती. रॉकेल मिसळलेल्या आणि महिनोन्महिने टाकीत पडलेल्या पेट्रोलचा चिकट राप बसून पायलट जेटचं सुईच्या टोकाएवढं भोक बुजतं. मिश्रण पातळ, पुढचं आता वाचकाला पाठ झालं असेल. इथेनॉलचं प्रकरण निराळं. 2003 च्या सुरुवातीला महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. उसाच्या राज्यात त्याचं स्वागत होणं स्वाभाविक होतं. आता वीस टक्क्यांचं पेट्रोल सर्रास मिळतं. इथेनॉलमध्ये वजनाने एक तृतीयांशाहून जास्त ऑक्सिजन असतो, म्हणजे जुन्या जेटवर ते मिश्रण थोडं पातळच पाडतं. शिवाय त्या काळच्या ओ-रिंगा आणि रबरं त्यासाठी घडवलेली नव्हती, ती फुगतात किंवा कडक होतात. तेव्हा इथेनॉलने भर घातली हे खरं. पण नव्वदच्या दशकात, पेट्रोलमध्ये थेंबभर इथेनॉल नसताना, राजदूत आणि यामाहा काय कमी रेस धरायच्या? तीस वर्षांचं रबर कुठल्याही पेट्रोलमध्ये चिरतंच. इथेनॉलला आरोपी करणं सोयीचं आहे, कारण मग रबर बदलायचा खर्च आणि कष्ट दोन्ही टळतात.

म्हणून जुन्या गाडीचा चढलेला स्लो शोधायचा तर थर ज्या क्रमाने चढले त्याच्या उलट, फुकटच्या तपासण्यांपासून मागे जावं लागतं. आधी स्लोवर इंजिन ठेवून हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवायचं. फेऱ्या बदलल्या तर केबल ताणलेली आहे किंवा टाकीखाली चुकीच्या वाटेने नेली आहे. स्क्रूचा काही संबंध नाही. मग चोक खरंच पूर्ण मागे बसतो का. मग चालू इंजिनावर रबराच्या जोडाभोवती आणि फ्लँजवर साबणाचं पाणी सोडायचं. पाणी फटीवर गेलं की आवाज क्षणभर बदलतो. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात, तो तापल्या सायलेन्सरशेजारी केलेला शुद्ध मूर्खपणा आहे. त्यानंतर पायलट जेट काढून उजेडासमोर धरायचा. मग स्लाइडची झीज, आणि 2000 नंतरच्या अनेक गाड्यांत स्लाइडऐवजी असणाऱ्या बटरफ्लायचा दांडा हलवून त्याच्या बुशांतली ढिलाई. पॉइंटवाल्या जुन्या बुलेटमध्ये ठिणगी आपोआप पुढे नेणारी वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगाही पाहाव्या लागतात. स्प्रिंग सैल पडली की ठिणगी पुढेच अडकते आणि फेऱ्या चढतात, कार्बोरेटर बिचारा निर्दोष असतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची सीलं. हे सगळं झाल्यावर, इंजिन पूर्ण तापलेलं असताना, दोन्ही स्क्रू कंपनीने सांगितलेल्या आट्यांवर आणून सुरुवात करायची. अनुभवी मिस्त्रीचा कान या सगळ्यापेक्षा सरस आहे, असं म्हणणारे भेटतात. कानाची महती मला मान्य आहे. चांगला मिस्त्री आवाजावरून पातळ मिश्रण ओळखतो, यात शंका नाही. पण कान लक्षण ऐकतो. हवा रबरातून येते की सीलातून की स्लाइडच्या कडेतून, हे तिन्ही प्रकार कानाला बरेचसे एकसारखेच वाटतात, आणि तीस वर्षं स्क्रू फिरवून आवाज जुळवण्यातच मुरलेल्या कानाला तर आवाज जुळला की काम संपलं असंच वाटणार.

1 एप्रिल 2020 पासून धुराचं बीएस-6 मानक लागू झालं आणि नव्या दुचाकींवरून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. इचलकरंजीच्या एफआयई आणि जपानच्या केहिन यांच्या भागीदारीत चाकणला बनणाऱ्या कार्बोरेटरांचा जमाना फार जुना नाही, तरी आज नव्या मेकॅनिकला स्लोचा स्क्रू दाखवावा लागतो. इंजेक्शनच्या गाडीत ते काम सेन्सर आणि संगणक करतात. जुन्या गाड्या मात्र अजून लाखोंनी चालू आहेत, आणि त्यांना हात लावणारी शेवटची पिढी साठीच्या आसपास आहे. या धंद्याचं लिखाण मराठीत फारसं झालं नाही. सर्व्हिस मॅन्युअलं इंग्रजीत होती आणि बाकीचं तोंडी. त्यामुळे एखाद्या गाडीवर काय काय झालं याचा पुरावा उरतो तो मालकांच्या घरात : गॅरेजच्या पावत्या, जुनी पीयूसी, डब्यात पडलेला बदललेला जेट, ज्यावर नंबर कोरलेला असतो. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी हे कागद आणि भाग रद्दीत घालू नयेत, आणि पुढच्या खेपेला गॅरेजात जाताना बरोबर न्यावेत. स्क्रूला हात लागण्याआधी मिस्त्रीला ते दाखवा, आणि त्याने काय बदललं ते तारखेसह त्याच्याकडूनच लिहून घ्या.